सावलीतले पाम आणि पानमळ्याची जुनी विद्या

विदर्भात पाम म्हटलं की शिंदीच आठवते. नाल्याकाठी भर उन्हात उभी, अंगभर काटे. बुडातून फुटवे काढत झुडपासारखे वाढणारे छोटे पाम मात्र परदेशी पाहुणे. अरेका मादागास्करचा, रॅपिस दक्षिण चीनकडचा, कमेडोरिया मेक्सिको-मध्य अमेरिकेतला. कमेडोरिया या ग्रीक नावाचा अर्थ ‘जमिनीलगतचं देणं’, कारण फळं हाताशी येतात! घनदाट रानात मोठ्या झाडांखाली वाढलेली ही जात.

अशी नाजूक रोपं समुद्रापार न्यायची कशी, हा जुना पेच. खाऱ्या वाऱ्यानं बहुतेक वाटेतच मरायची. १८२९ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष बंद बाटलीत ठेवला. त्यातल्या ओलसर मातीत नेचा उगवला आणि वरून पाणी न देता टिकला. पुढे १८३३ मध्ये त्यांच्या काचेच्या पेट्यांतून रोपं सिडनीला जिवंत पोचली. पाम दिवाणखान्यात आले ते या वाटेनं.

आपल्याकडे अरेका आधी मंगल कार्यालयात दिसला, मग गावातल्या ओसरीवर. मे महिन्यातले ४५ अंश आणि कोरडी झळ त्याला सोसायची कशी? उत्तर जुनंच आहे. रामटेक, अंजनगाव सुर्जी भागातल्या पानमळ्यांत वेलींसाठी शेवरी, पांगारा, शेवगा लावतात, कडेनं तट्ट्यांचा आडोसा करतात, जमीन सतत ओली ठेवतात. बाहेर वावर भेगाळलेलं असताना आत शिरलं की अंगावर शिरशिरी येते. बारी लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेली ही विद्या. आजची हिरवी नेट म्हणजे तिचीच बाजारू नक्कल, आणि वारा अडवण्यात तट्ट्याहून उणीच.

माती हा दुसरा घोळ. काळी माती पावसात चिखल होते, उन्हाळ्यात चिरते आणि मुळं तोडते. म्हणून निम्मी वाळू-मुरूम, बाकी शेणखत. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचं पाणी घातलं की पानांची टोकं करपतातच. माझ्या अरेकाची करपली होती. पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत धरून तेच घालू लागलो, तेव्हा नवी पानं धड निघाली.

सह्याद्रीच्या दक्षिण भागात पिनांगा नावाचा आपला अस्सल फुटवेवाला पाम आहे, पण नर्सरीत मागितला तर अरेकाच पुढे करतात. सध्या रॅपिस रांजणाच्या बुडाशी ठेवलाय. रांजण रात्रभर पाझरतो, कुंडी सकाळी गार लागते.