आधी निदान, मग इंजेक्शन

रात्री कॅज्युअल्टीत पोट धरून वाकलेला पेशंट आला की नातेवाइकांचं पहिलं म्हणणं एकच असतं, "डॉक्टर, आधी दुखायचं थांबवा हो." त्यावर ज्युनिअर डॉक्टरचं ठरलेलं उत्तर, "सर बघून जाऊ देत, मग देतो." सर ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेले असले तर हे 'मग' दोन-तीन तासांनी उगवायचं. असा कायदा कुठेच नव्हता, पण पाळला मात्र कायद्यासारखा गेला.

निदान होईपर्यंत वेदनाशामक द्यायचं नाही, या नियमामागे सर्वांत जास्त वजन होतं लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधले सर्जन झॅकरी कोप यांच्या शब्दाचं. पोटाच्या तातडीच्या आजारांचं लवकर निदान कसं करावं, यावरचं त्यांचं पुस्तक १९२१ साली आलं आणि सर्जनच्या पिढ्या त्यावर घडल्या. मॉर्फिन हे अफूपासूनचं वेदनाशामक दिलं की पेशंटला उतार पडल्यासारखं वाटतं, त्याच समाधानात तो दगावूही शकतो आणि काही काळ डॉक्टरही फसतो, असा कोप यांचा इशारा होता.

त्या काळी तो चूक नव्हता. सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन पेशंटवर पहिल्यांदा झाला तोच १९७१ मध्ये. निदान करायचं ते बोटांनी. बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं का, तिथे दाबलेला हात झटकन उचलल्यावर पेशंट कळवळतो का, अल्सर फुटून पोट फळीसारखं कडक झालंय का, यावर चाकू धरायचा की थांबायचं ते ठरे. त्यात मॉर्फिनचा डोसही दांडगा. पाव ग्रेन, म्हणजे सुमारे १६ मिलिग्रॅम, कधी त्याहून जास्त, एकदम टोचायचं. जास्त झालं तर उतारा म्हणून नॅलोक्सोनही नव्हतं. पेशंट गुंगीत गेला की सर्जनने विचारायचं कोणाला?

आज मॉर्फिन शिरेतून, वजनाच्या किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम या हिशेबाने, थोडं थोडं देतात. डोस बदलला, यंत्रं आली. नियम मात्र तिथेच राहिला.

तो तपासून बघायला १९८० चं दशक उजाडलं. १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत पोटदुखीच्या १०० पेशंटपैकी काहींना अफूजन्य औषध आणि बाकीच्यांना नुसतं सलाइन टोचलं. निदान आणि उपचाराचे निर्णय औषधवाल्यांत दोघांचे चुकले, सलाइनवाल्यांत नऊ जणांचे. उलटंच झालं म्हणायचं! पण त्यात नवल नाही. वेदनेने गुडघे पोटाशी घेतलेला माणूस पोटाला हातच लावू देत नाही. जरा सैल पडला की नेमकं कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखवतो. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०११ च्या कॉक्रन आढाव्यात ८ चाचण्यांतले ९२२ पेशंट होते. त्यातही वेदनाशामकामुळे चुकीचे निर्णय वाढल्याचं दिसलं नाही. या चाचण्या लहान आहेत आणि औषधानंतर पोटाची लक्षणं थोडी बदलू शकतात, हे मान्यच करायला हवं. पण लक्षण बदललं म्हणजे निर्णय चुकला, असं होत नाही.

गंमत म्हणजे कोप यांच्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या सांभाळणारे अमेरिकन सर्जन विल्यम सायलेन यांनी पेशंटला ताटकळत ठेवण्याची ही पद्धत क्रूर ठरवली. ती जायला मात्र कित्येक पिढ्या लागतील, अशी शंकाही त्यांनी तिथेच नोंदवून ठेवली.

आपल्याकडे आणखी एक आडकाठी होती. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत अफूपासून मॉर्फिन बनतं, पण १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात ते देशातल्याच हॉस्पिटलांना मिळेनासं झालं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली. तरी लहान गावात भिस्त असते ती शिरेतून दिलेल्या पॅरासिटामॉलवर नाहीतर ट्रामाडॉल या वेदनाशामकावर, आणि २०१८ पासून ट्रामाडॉलही त्याच कायद्याखाली आलंय. जिथे औषध आधी देतात, तिथे वेळ आणि डोस केसपेपरवर लिहून ठेवतात. सर आले की तो कागद बघतात आणि पोट पुन्हा दाबून पाहतात.