पुरुषार्थ

माणसाने कशासाठी जगावे, कशामागे किती लागावे आणि दोन साध्यांत ओढाताण झाली तर आधी कशाला हात घालावा, या प्रश्नांची भारतीय परंपरेतील मांडणी पुरुषार्थ या संकल्पनेत सापडते. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष ही यादी शाळकरी मुलांनाही पाठ असते, त्यामुळे हे उत्तर सर्वमान्य असावे असा समज होतो. प्रत्यक्षात यांतले श्रेष्ठ कोणते, चौथ्याची गरज आहे का आणि ते मिळवण्याचा अधिकार कोणाला, यावर दोन हजार वर्षे वाद चालत आला आहे. त्या वादात आस्तिक एकीकडे आणि नास्तिक दुसरीकडे अशी विभागणी करू गेल्यास बरेच विचारवंत भलत्याच रांगेत जाऊन बसतात. जगण्याचे साध्य याच आयुष्यात आहे की त्याच्या पलीकडे, या प्रश्नावर मात्र पक्ष स्पष्ट दिसतात.

जुन्या ग्रंथांत साध्ये तीनच आहेत. धर्म, अर्थ, काम यांना मिळून ‘त्रिवर्ग’ म्हणतात; मोक्ष जोडून ‘चतुर्वर्ग’ झाला तो पुढे. मनुस्मृतीत (2.224) या प्रश्नावरची मते ओळीने दिली आहेत : कोणी धर्म व अर्थ यांना श्रेयस्कर म्हणतात, कोणी काम व अर्थ यांना, कोणी केवळ धर्माला, कोणी केवळ अर्थाला, पण निर्णय त्रिवर्गाच्या बाजूने आहे. कौटिल्य अर्थालाच प्रधान मानतो, कारण धर्म आणि काम दोन्ही अर्थावर उभे असतात. तरीही तो राजाला सुखाशिवाय राहू नकोस असे बजावतो आणि पुढे नेमका इशारा देतो : तिघांपैकी एकाचेच अतिसेवन केले, तर ते स्वतःलाही पीडते आणि इतर दोघांनाही. हा नियम धर्मालाही लागू आहे, हे सहसा नजरेतून सुटते.

अर्थ म्हणजे नुसता पैसा नव्हे. कामसूत्राचा कर्ता वात्स्यायन याच्या व्याख्येत विद्या, जमीन, सोने, पशू, धान्य, घरातील भांडीकुंडी आणि मित्र मिळवणे, तसेच मिळवलेले वाढवणे, हे सगळे अर्थात येते. कामसूत्राची सुरुवातच धर्म, अर्थ आणि काम यांना वंदन करून होते. त्यात आयुष्याची वाटणी अशी आहे : बालपणी विद्या व तत्सम अर्थ, तारुण्यात काम, म्हातारपणी धर्म आणि मोक्ष. पण लगेच पुढे सवलत आहे की आयुष्याचा भरवसा नसल्याने ज्याची संधी मिळेल ते साधावे. तिघे एकत्र समोर आले तर आधीचा नंतरच्यापेक्षा श्रेष्ठ, म्हणजे कामापेक्षा अर्थ आणि अर्थापेक्षा धर्म. याला दोन अपवाद सांगितले आहेत : राजा आणि गणिका. त्यांच्यासाठी अर्थ पहिला.

या वादाची सर्वांत जिवंत नोंद महाभारताच्या शांतिपर्वात आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत ती अध्याय 161 मध्ये येते आणि ‘षड्गीता’ या नावाने ओळखली जाते. भीष्म बोलायचे थांबल्यावर युधिष्ठिर घरी येतो आणि चार भाऊ व विदुर यांना विचारतो की धर्म, अर्थ, काम यांत वरचा कोणता, मधला कोणता आणि खालचा कोणता? विदुर धर्माला वर, अर्थाला मध्ये आणि कामाला खाली ठेवतो. अर्जुन म्हणतो, ही कर्मभूमी आहे. शेती, व्यापार, गोपालन आणि नाना शिल्पे यांवर लोक जगतात आणि अर्थाशिवाय धर्मही चालत नाही, कामही नाही. नकुल आणि सहदेव धर्माशी जोडलेला अर्थ हवा असे सांगतात. भीमाचा युक्तिवाद सगळ्यांत मुळाशी जाणारा आहे : इच्छाच नसेल तर कोणी धन मिळवणार नाही, धर्मही आचरणार नाही, ऋषी फळे-मुळे खाऊन तप करतात तेही इच्छेपोटीच. म्हणून काम हा उरलेल्या दोघांचा गाभा. पण तोही शेवटी तिघांचे सारखे सेवन करावे असेच म्हणतो आणि एकालाच धरून बसणाऱ्याला खालच्या पायरीवर ठेवतो. युधिष्ठिर सर्वांचे ऐकून घेतो आणि पाप-पुण्य, अर्थ-धर्म-काम या सगळ्यांत न गुंतणारा मनुष्य सुखदुःखातून सुटतो, असा मोक्षाचा पक्ष मांडतो. मोक्ष श्रेष्ठ खरा, पण आपल्याला तो ठाऊक नाही, ही कबुलीही तोच देतो. संस्कृत वाङ्मयात इतका प्रामाणिक मतभेद एका जागी क्वचितच वाचायला मिळतो.

मोक्ष यादीत आला आणि पहिल्या तिघांशी त्याचा हिशेब जुळेना. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो. ब्रह्मचर्याने ऋषींचे, यज्ञाने देवांचे आणि संततीने पितरांचे ऋण फिटते. मनुस्मृती (6.35) सांगते की ही ऋणे फेडल्यावरच मन मोक्षाकडे वळवावे, नाहीतर अधोगती ठरलेली. जाबाल उपनिषद मात्र म्हणते, ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी घर सोडावे. या दोन नियमांच्या कात्रीत सापडलेले कुटुंब महाराष्ट्राला चांगले माहीत आहे. परंपरेनुसार विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले, आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई या चौघांना ‘संन्याशाची मुले’ म्हणून वाळीत राहावे लागले.

मोक्षात नेमके काय मिळते, यावरही एकमत नाही. न्यायदर्शनात मोक्ष म्हणजे दुःखाची कायमची निवृत्ती; त्या अवस्थेत सुखाची जाणीवही उरत नाही. अद्वैत वेदान्तात देह असतानाच मुक्त होता येते. सांख्यांत पुरुष (चेतन आत्मा) प्रकृतीपासून (जड सृष्टीच्या मूळ तत्त्वापासून) वेगळा होतो आणि त्यासाठी ईश्वराची गरज पडत नाही. श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरित’ या काव्याच्या सतराव्या सर्गात वेद आणि परलोक न मानणारा चार्वाक नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, टोला हाणतो : जाणत्या माणसांनी दगड व्हावे यासाठी ज्याने शास्त्र लिहिले तो गोतम, नावाप्रमाणेच ‘सर्वांत मोठा बैल’. वेदांतील यज्ञकर्माचा विचार करणारी पूर्वमीमांसा तर वेदाला शब्दशः प्रमाण मानते, पण जगाचा कर्ता ईश्वर मानत नाही. ज्या यज्ञाचे फळ सांगितलेले नसेल त्याचे फळ स्वर्ग समजावे, कारण स्वर्ग सगळ्यांनाच हवा असतो, असे तिचा सूत्रकार जैमिनी म्हणतो.

चार्वाक किंवा लोकायत मताचे ग्रंथ हाती उरलेले नाहीत. जे कळते ते बहुतांशी विरोधकांच्या लेखनातून, विशेषतः चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून. त्यामुळे ‘ऋण काढून तूप प्यावे’ या ओळीवरून या दर्शनाची किंमत करणे अन्यायाचे आहे. याच ग्रंथात त्याच श्लोकाचा पूर्वार्ध ‘जगावे तोवर सुखाने जगावे’ असा येतो, आणि एका ठिकाणी त्याच्यापुढे कर्जाचा उल्लेख नसून मृत्यूच्या तावडीतून कोणी सुटत नाही एवढेच म्हटले आहे. चार्वाकांचा खरा युक्तिवाद असा : सुखाबरोबर दुःख येते म्हणून सुख टाकू नये, भिकारी येतील या धास्तीने कोणी चुलीवर भांडे चढवायचे थांबत नाही. हेच वाक्य कामाचे समर्थन करताना वात्स्यायनानेही वापरले आहे. वेद मानणारा आणि न मानणारा ऐहिक सुखाच्या प्रश्नावर एकच दाखला देतात, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

बौद्ध आणि जैन मतांत निर्माता ईश्वर नाही, तरी अंतिम साध्य जन्ममरणापलीकडचे आहे. जैनांत सर्व कर्मांचा क्षय म्हणजे मोक्ष. सम्यक् दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य हा त्याचा मार्ग. श्रावकासाठी, म्हणजे जैन गृहस्थासाठी, 12 व्रते आहेत : 5 अणुव्रते, 3 गुणव्रते आणि 4 शिक्षाव्रते. बुद्धाने गृहस्थाला दिलेला उपदेश मात्र अगदी व्यवहाराचा आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीच्या काळासाठी शिल्लक. दीघजाणु नावाच्या गृहस्थाला सांगितलेल्या चार गोष्टी म्हणजे उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि आवक पाहून खर्च. परलोकासाठीच्या चार (श्रद्धा, शील, त्याग, प्रज्ञा) त्यानंतर येतात.

भक्तिसंप्रदायांनी यादीच उलटवली. चैतन्य संप्रदायात प्रेम हा पाचवा पुरुषार्थ ठरला. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात चौथा पुरुषार्थ हातात घेऊन भक्तिपंथाने निघालेला आणि तो जगाला वाटत सुटलेला भक्त दिसतो. तुकोबा तर ‘न लगे मुक्ति धन संपदा’ म्हणत संतसंग मागतात आणि त्यासाठी पुन्हा गर्भवासात घातले तरी चालेल असे सांगतात. ज्या पुनर्जन्मातून सुटण्यासाठी दर्शनांनी एवढा खटाटोप केला, तोच इथे आनंदाने स्वीकारला आहे. धनाविषयी तुकोबांचे मत ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें’ असे, म्हणजे मिळवा, पण सचोटीने, आणि खर्चताना गुंतू नका. समर्थ दासबोधात आधी प्रपंच नेटका करायला सांगतात. तो सांडून परमार्थ कराल तर कष्टी व्हाल, असे बजावतात.

इस्लाममध्ये मानवाची निर्मितीच अल्लाहच्या इबादतीसाठी झाली आहे (कुराण 51:56). इबादतीत नमाजाबरोबर हलाल कमाईही धरली जाते. ख्रिस्ती विचारात ईश्वराचे सान्निध्य हे अंतिम सुख. हा विचार मराठी ओवीत आणला गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले.

सगळ्यांत अवघड प्रश्न अधिकाराचा. मनुस्मृतीत (10.129) शूद्राने ऐपत असली तरी धनसंचय करू नये असे सांगितले आहे, आणि स्त्रीसाठी विवाह हेच उपनयन, पतिसेवा हाच गुरुगृहवास (2.67). म्हणजे समाजाच्या मोठ्या भागाला अर्थही बंद आणि ज्ञानमार्गाचा मोक्षही बंद. पुरुषार्थांच्या समतोलाचे कौतुक करणारे लेखन ही बाजू गाळते तेव्हा ते अर्धेच सांगत असते. जोतीराव फुले यांनी नेमके इथेच बोट ठेवले. 1891 मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, मानला आहे, पण त्याच्या जगात स्त्रीपुरुषांचे हक्क समान आहेत आणि पोथीची मध्यस्थी नाही.

गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक हे डेक्कन कॉलेजातले मित्र. पुढे न्यू इंग्लिश स्कूलच्या कामात दोघे एकत्र आले आणि 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगातही एकत्रच होते. आगरकर मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचून अज्ञेयवादी झाले, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानू लागले. त्यांच्या लेखी सुखाची वाढ आणि विवेकाने जगणे हेच साध्य. टिळकांनी मंडालेत लिहून 1915 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गीतारहस्या’त ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ हे तत्त्व अपुरे ठरवले. त्यांचा दाखला अमेरिकेतल्या एका शहरातला आहे : लाच देऊन ट्रामची परवानगी लवकर मिळवली, लोकांची सोय झाली, तरी लाच देणारा दोषी ठरला, म्हणजे परिणामाइतकीच कर्त्याची बुद्धीही तपासावी लागते. संन्यासाऐवजी लोकसंग्रह, म्हणजे समाजाच्या धारणेसाठी कर्म करत राहणे, हा त्यांनी गीतेचा अर्थ लावला. देवाविषयी टोकाचे मतभेद असलेले हे दोघे सार्वजनिक कामात आयुष्य घालवण्यावर एकमत होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी फरक स्पष्ट केला आहे : धर्माचा हेतू जगाची उत्पत्ती सांगणे, तर धम्माचा हेतू जगाची पुनर्रचना करणे. निर्वाणही त्यांनी मरणोत्तर अवस्थेतून काढून विकारांवर ताबा आणि सदाचरण यांत आणले. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून (1927–53) कामाला पापाच्या कक्षेतून बाहेर काढले आणि त्यासाठी खटले सोसले. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादात स्वातंत्र्य आणि सत्याचा शोध ही मूळ प्रेरणा मानली आहे. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या विचारावर त्याचा ठसा आहे.

चार पुरुषार्थ म्हणजे चार आश्रमांच्या पायऱ्या, ही जोडी अनेक पाठ्यपुस्तकांत लावलेली असते. ती चुकीची आहे, कारण गृहस्थाश्रमात पहिले तिन्ही एकाच वेळी साधायचे असतात. दुसरी चूक धर्म म्हणजे पंथ किंवा पूजाअर्चा समजण्याची. त्रिवर्गातला धर्म म्हणजे कर्तव्य आणि आचरणाचे नियम. या दोन चुका एकत्र आल्या की धर्म बालपणी उरकायचा, मोक्ष म्हातारपणी पाहायचा आणि मधली वर्षे अर्थकामांना मोकळी, असा अर्थ निघतो; त्याला मनू, कौटिल्य किंवा वात्स्यायन यांच्यापैकी कोणाचाही आधार नाही.