‘वेडा शास्त्रज्ञ’ आणि गडगडाटाखाली गेलेलं वाक्य

‘वेडा शास्त्रज्ञ’ हा शब्दप्रयोग आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यातलं ‘वेडा’ कुठून आलं, हे कुणी विचारत नाही. त्याचं मूळ मानली जाणारी मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ ची. ‘सायंटिस्ट’ हा इंग्रजी शब्दच त्यानंतर दीड दशकाने घडवला गेला. तिथला राक्षस घडवणारा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा जर्मनीतल्या इंगोलश्टाटला शिकणारा विद्यार्थी. ना त्याच्याकडे कुबडा मदतनीस, ना छताला टेकणारी यंत्रं. हे सगळं रंगभूमीने आणि नंतर पडद्याने जोडलं.

खरा गुंता १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटाचा आहे. त्यात व्हिक्टरचा हेन्री झाला आहे. वादळात, मृतदेहांचे तुकडे जोडून केलेला राक्षस ज्यावर आहे ते टेबल छताच्या झरोक्यातून वर चढवलं जातं, खाली येतं, आणि लोंबणाऱ्या हाताची बोटं हलतात. हेन्री ‘जिवंत आहे’ असं पुन्हा पुन्हा ओरडतो. सोबतचे लोक त्याला आवरायला धावतात, मित्र देवाची आण घालतो. त्यावर तो म्हणतो की देव असणं म्हणजे काय, ते मला आता कळलं. अख्ख्या प्रसंगाचा अर्थ या वाक्यात आहे.

१९३४ च्या मध्यापासून चित्रपटांत काय दाखवावं-बोलावं हे ठरवणारी अमेरिकी चित्रसृष्टीची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. १९३८ साली ‘ड्रॅक्युला’च्या जोडीने हा चित्रपट पुन्हा थिएटरांत लागला, तोवर त्या वाक्यावर ढगांचा गडगडाट चढवला होता. तळ्यात मुलगी बुडते तो तुकडाही कापला. राक्षस तिच्याकडे हात नेतो आणि दृश्य तुटतं. पुढे बाप तिचं प्रेत उचलून गावात येतो. खरं तर पाण्यावर फुलं तरंगतात तशी तीही तरंगेल, या भाबड्या समजुतीने राक्षस तिला फेकतो. ते दिसेनासं झालं आणि प्रेक्षक भलतंच समजू लागले. कात्रीने चित्रपट सौम्य झाला नाही, उलट जास्त ओंगळ झाला.

हेन्रीचंही तेच झालं. ढगांपलीकडे काय आहे, झाडांना पालवी का फुटते, असे प्रश्न विचारले की लोक वेडा म्हणतात, ही त्याची तक्रार चित्रपटात शाबूत राहिली. पण निर्मितीच्या क्षणी तो का बेभान होतो, ते कारण ऐकूच येईना. उरला हातवारे करत ओरडणारा माणूस. माझ्या मते ‘वेडा’ हा शिक्का घट्ट बसला तो इथे. देवाशी बरोबरी करणारा माणूस ही आपल्याकडेही ओळखीची गोष्ट आहे, पण हिरण्यकशिपूला कुणी नुसता वेडा म्हणून सोडून देत नाही.

१९५७ च्या शरद ऋतूत जुन्या भयपटांचा ५२ चित्रपटांचा संच अमेरिकी टीव्ही केंद्रांना विकला गेला, तेव्हा घरोघरी पोचली ती हीच कापलेली प्रत. पुढच्याच वर्षी, एकच अंक काढायचा म्हणून निघालेलं राक्षसपटांचं एक मासिक इतकं खपलं की ते १९८३ पर्यंत चाललं. त्याचा संपादक स्वतः हाडाचा संग्राहक. छायाचित्रं त्याच्या घरच्या साठ्यातली, मथळे कोट्यांनी भरलेले. ते वाचून वाढलेल्या मुलांनी स्वतःची सायक्लोस्टाइल पत्रकं काढली. कोणत्या प्रतीत काय कमी आहे याची चर्चा या मंडळींनी जिवंत ठेवली. स्टुडिओला जुन्या फिल्मचं अप्रूप नव्हतं, ते पोरांना होतं. सहायकाला सरसकट ‘इगोर’ म्हटलं जातं, पण १९३१ च्या चित्रपटात तो फ्रिट्झ आहे आणि त्याच मालिकेतल्या १९३९ च्या चित्रपटातला इगोर हा मान मोडलेला लोहार आहे, असले तपशील अशाच वाचकांच्या जिभेवर असत.

तळ्याचा तुकडा १९८० च्या दशकात व्हिडिओच्या आवृत्तीत परत आला. ते वाक्य त्यानंतरच्या आवृत्त्यांत, आवाज साफ करत करत, हळूहळू पुन्हा ऐकू येऊ लागलं.