परडे : उत्तर-उन्हाळ्यातील (बेळगाव सीमाभाग)

परडे (परसू, परसदार, परसबाग) : घराच्या मागील किंवा बगलेच्या मोकळ्या जागेत, मुख्यतः घरच्या उपयोगासाठी, भाजीपाला, फुले, वेल आणि एखाददुसरे फळझाड लावून राखलेली बाग. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी व निपाणी या भागांतील मराठी बोलीत तिला परडं म्हणतात. प्रस्तुत नोंद परड्याच्या उत्तर-उन्हाळ्यातील रूपापुरती, म्हणजे ढोबळ मानाने अक्षय्य तृतीयेपासून मृग नक्षत्र लागेपर्यंतच्या (७-८ जून) काळापुरती आहे. परड्याची वर्णने बहुधा पावसाळी वेल आणि श्रावणातील भाज्या यांपाशीच रेंगाळतात. वैशाखातले परडे वरवर उजाड दिसते हे खरे. पण वर्षभर जमिनीत दडलेले जे काही असते ते याच दिवसांत पहिल्यांदा वर डोकावते, आणि ते पाहण्याचा आनंद इतर कोणत्याही ऋतूत मिळत नाही.

व्युत्पत्ती : परसू आणि परडे हे शब्द आज समानार्थी वापरले जात असले, तरी ते एकाच मुळातून आले असावेत असे मानण्यास आधार तोकडा आहे. अर्थ जुळतो म्हणून परसूचा संबंध संस्कृत पार्श्व (बाजू) या शब्दाशी जोडावासा वाटतो. ध्वनी मात्र आडवे येतात. पार्श्वचे प्राकृतात पस्स, पास असे रूप होते आणि मराठीतील ‘घरापाशी’, ‘माझ्यापाशी’ यांतील पाशी हे त्याचेच वंशज. या साखळीत र टिकलेला नाही, मग परसूत तो कसा टिकला, याचे समाधानकारक उत्तर देता येत नाही. त्या मानाने परिसर या शब्दाची झीज होऊन परस हे रूप आले असावे, ही कल्पना सुकर आहे. गोव्याकडील कोकणीतही घरालगतच्या भाजीच्या बागेला पोरसूं म्हणतात. तेव्हा हा शब्द घाटाच्या दोन्ही अंगांना जुना दिसतो. परसबाग हे मात्र उघड उघड संकरित रूप आहे. त्यातील बाग हा शब्द फार्सी असून हे रूप छापील मराठीत जितके आढळते, तितके बोलण्यात आढळत नाही.

परडे या शब्दाचा प्रश्न अधिक रोचक आहे. कन्नडमध्ये हरडु म्हणजे पसरणे. त्याचे जुने रूप परडु. शब्दाच्या आरंभी असलेल्या प चा ह होणे ही कन्नडच्या इतिहासातील ठळक घटना असून (पाल > हालु, ‘दूध’, पू > हू, ‘फूल’) ती सर्वसाधारणपणे दहाव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान घडली असे मानतात. परडे हा शब्द या धातूपासून आला असेल, तर तो मराठीत हा बदल होण्यापूर्वी, निदान तो पूर्ण होण्यापूर्वी, आला असला पाहिजे. याला एक अप्रत्यक्ष पुष्टी मिळते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या भक्तांच्या हाती असते ती परडी, म्हणजे वेताची किंवा बांबूची पसरट, उथळ टोपली. परडी आणि परडे यांत स्त्रीलिंग-नपुंसकलिंग अशी मराठीच्या ओळखीची जोडी दिसते आणि ‘पसरट’ हा अर्थ दोहोंनाही लागू पडतो. सीमाभागापुरता तरी हा तर्क इतर तर्कांपेक्षा अधिक पटण्याजोगा आहे. मराठीने तूप हा शब्द कन्नड तुप्पशी वाटून घेतला, अक्का आणि अण्णा घेतले. घरामागच्या जमिनीचे नाव तेवढे परके राहिले असेल असे मानण्याचे कारण नाही.

परड्याला कन्नडमध्ये हित्तल म्हणतात आणि दुभाषी घरांत दोन्ही शब्द सारख्याच सहजतेने चालतात. ‘हित्तल गिड मद्दल्ल’ (परड्यातले झाड औषध नव्हे) ही कन्नड म्हण मराठीतील ‘पिकते तिथे विकत नाही’ या म्हणीची सख्खी बहीण होय.

ऋतुमान व जमीन : बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सु. ७५० मी. उंचीवर आहे. त्यामुळे येथील मे महिना देशावरील इतर भागांइतका कडक नसतो. उन्हाचा कळस बहुधा एप्रिलात होतो आणि त्यानंतर दुपारी ढग जमून गडगडाटासह येणारा वळीव हवा उतरवतो. सूर्य भरणीत (सु. २७ एप्रिल), कृत्तिकेत (सु. ११ मे) आणि रोहिणीत (सु. २५ मे) असल्याच्या दिवसांवरून जुनी माणसे वळवाचा हिशेब ठेवतात. खानापूर व बेळगावचा पश्चिम भाग येथे जांभ्याची तांबडी, निचऱ्याची माती आहे. वळवाची एक सर तिच्यात तासाभरात जिरते आणि दोन दिवसांनी माती पुन्हा भुसभुशीत, खुरप्याला मऊ लागते. आळी करण्याची वेळ तीच. वळीव पडेपर्यंत परडे जगते ते आडाच्या आणि मोरीच्या पाण्यावर. केळ, अळू, कर्दळ ही पाणी मागणारी झाडे मोरीच्या वाटेवर असण्याचे कारण हेच. अळूच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून ते घशाला खाजते. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवले की हा त्रास राहत नाही.

जमिनीतून वर येणारी फुले : या काळातील सर्वांत मोठे नवल भुईचाफ्याचे (केम्फेरिया रोटुंडा). तो हळदीच्या कुळातला. हिवाळ्यात त्याची पाने वाळून जातात आणि जागा कुठली तेही विसरले जाते. मग एप्रिल-मेमध्ये, आजूबाजूला हिरवे पातेही नसताना, थेट मातीतून पांढरी-जांभळी सुवासिक फुले उमलतात. एक फूल फार टिकत नाही, पण गड्ड्यातून दुसरे येत राहते. पाने पावसाबरोबर येतात. त्यांच्या वरच्या बाजूला रुपेरी-हिरवी नक्षी आणि खाली जांभळी झाक असते. पानांवरून फूल ओळखू पाहणाऱ्याला हे झाड दोन निरनिराळी झाडे वाटतात, आणि अनेक घरांत मुलांना ती एकच असल्याचा शोध एखाद्या वर्षी अचानक लागतो. फूल दिसताच शेजारी काडी रोवून खूण करून ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय. नाहीतर आळी खणताना खुरप्याने गड्डा चिरला जातो.

वळवानंतर चार-सहा दिवसांत परड्याच्या कडेने लावलेल्या लिलीला (झेफिरँथेस) एकाच सकाळी ओळीने फुले येतात. आफ्रिकेतून आलेल्या फुटबॉल लिलीचा (स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस) लालभडक गोळाही याच सुमारास उघडतो. सुरणाच्या जुन्या कंदाला कधीकधी पानाऐवजी फूल येते. जांभळट, सुरकुतलेल्या या फुलोऱ्याला कुजक्या मांसासारखा वास येतो, कारण परागीकरणासाठी त्याला असल्या वासाला भुलणारे कीटक हवे असतात. आळ्यात काही मेले असावे अशा समजुतीने घरचे लोक शोध घेतात आणि त्यांना हे फूल सापडते. वास जेमतेम दोन-तीन दिवस राहतो, म्हणून फूल उपटून टाकू नये.

वेलांच्या वेळा : उन्हाळी वेलांवरची फुले कोणत्या वेळी उमलतात हे ध्यानात ठेवले, तर परड्यात फळ धरण्याचे प्रमाण पुष्कळ वाढते. तांबडा भोपळा पहाटे उमलतो आणि दहा-साडेदहापर्यंत मिटतो. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उघडते, म्हणून त्यावर पतंग येतात. दोडका आणि घोसाळे हे तर एकाच प्रजातीतले (लुफा) सोबती, पण दोडका दिवस कलल्यावर फुलतो आणि घोसाळे भल्या सकाळी. घोसाळ्याला मराठीत पारोसा दोडका असेही नाव आहे. कन्नडमध्ये दोडका हीरेकाई आणि घोसाळे तुप्पद हीरेकाई, म्हणजे तुपाचा दोडका. शिजल्यावर त्याला येणारा मऊ, लुसलुशीतपणा कन्नड नावाने नेमका पकडला आहे आणि ते नाव मराठी नावापेक्षा गोड आहे.

भोपळ्याला आधी नर फुले येतात. पहिले काही दिवस फुले गळताना पाहून वेल वांझ निघाला असे समजून तो काढून टाकण्याची घाई केली जाते, ती चुकीची होय. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. ते दिसू लागले की सकाळी नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातील केसर मादी फुलाच्या मधोमध टेकवावे. भुंगे कमी असलेल्या शहरी परड्यांत याचा उपयोग विशेष होतो. पुढे चार दिवसांत देठाशी फळ फुगू लागते. आपल्या हातून ते धरले हे पाहण्यातले समाधान मोठे असते. कोवळ्या पानांवर येणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यांसाठी सकाळी, दव असताना, चुलीची राख भुरभुरतात.

रताळे : बेळगावच्या तांबड्या मातीचे हे खास पीक. शेतात त्याची लागवड पावसाळ्यात होते, पण त्यासाठी लागणारे बेणे, म्हणजे वेलाचे तुकडे, उन्हाळाभर जिवंत ठेवावे लागते आणि ते काम अनेकदा परड्यातल्या ओलीवर होते. वेलाला जांभळट, कर्ण्यासारखी फुले येतात. जुन्या सरीत खुरपताना मागच्या हंगामात राहून गेलेले एखादे रताळे हाती लागते. निखाऱ्यात भाजले तर ते नव्या रताळ्यापेक्षा गोड लागते, कारण साठवणीत त्यातल्या स्टार्चची काही प्रमाणात साखर होते.

या कंदाच्या नावावरून बराच गोंधळ झालेला आहे. रताळे (आयपोमिया बटाटाज) मूळचे अमेरिका खंडातील, परंतु रताळे हा शब्द संस्कृत रक्तालुपासून (तांबडा कंद) आला आहे. त्यावरून ही वनस्पती पोर्तुगिजांच्या आधीच भारतात होती असे अनुमान काढले जाते, पण केवळ नावाच्या आधारावर ते काढणे धाडसाचे आहे. रक्तालु हे नाव पूर्वी कोनफळासारख्या एखाद्या तांबड्या-जांभळ्या कंदाचे असावे आणि नवा कंद आल्यावर त्याच्याकडे गेले असावे, हे अधिक संभवनीय वाटते. बटाटा या शब्दाची कथा याच्या उलटी आहे. पोर्तुगीज बटाटा हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतून आला आणि तेथे तो रताळ्याचेच नाव होता. मराठीत तो दुसऱ्याच कंदाला चिकटला, कारण रताळ्याला नाव आधीच मिळालेले होते. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यानंतर घाटवाटांनी ही पिके वर आली असावीत; सोळाव्या-सतराव्या शतकांपलीकडे अधिक नेमकी कालनिश्चिती करणे इष्ट नाही.

बी व आखिती : वैशाख शुद्ध तृतीयेला, बोलीत आखितीला, लावलेले बी अक्षय फळते अशी श्रद्धा आहे. त्या दिवशी आळ्यात शेणखत घालून भोपळा, दोडका, काकडी, कारले यांचे बी टोचतात. आदल्या दिवशी, द्वितीयेला, बेळगावात परंपरागत शिवजयंती असते आणि तृतीयेलाच बसवजयंती. त्यामुळे गावात मिरवणुकांची धामधूम आणि परड्यात आळ्यांची, असे हे दिवस जातात. भोपळ्याच्या बिया शेणाच्या गोळ्यात थापून भिंतीला चिकटवलेल्या असतात, दोडका वेलावरच वाळवून चुलीवर धुरात टांगलेला असतो, घेवड्याचे बी राखेत घोळून गाडग्यात ठेवलेले असते. अशा घरच्या वाणाला या भागात दोन्ही भाषांत जवारी म्हणतात. ‘अक्का, तुमच्यातलं जवारी काकडीचं बी द्या की थोडं’ असे सांगून शेजारणीकडून मूठभर बी नेले जाते, आणि मृगापर्यंत तिच्याकडे दुसऱ्या कशाचे तरी रोप पोचते.

उकिरड्यावर किंवा मोरीच्या तोंडाशी आपोआप उगवलेला भोपळा, टोमॅटो किंवा पपई सहसा कोणी उपटत नाही.

पूर्व भाग : अथणी, रायबागकडील काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाणी कमी असते. तेथील परड्यात शेवगा, कढीपत्ता आणि मोरीलगतची पुंडी (अंबाडी) एवढेच बहुधा तग धरते. पुंडीची आंबट पालेभाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मखमली, लालचुटुक मृगाचा किडा मातीवर चालताना दिसतो. त्याला आठ पाय असतात, म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या तो कीटक नसून कोळ्यांच्या वर्गातला आहे. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीतच असतो. ज्येष्ठ पौर्णिमेला मराठी घरांत वटपौर्णिमा आणि कन्नड घरांत कार हुण्णिमे (कार म्हणजे पावसाळी ढग, पावसाळा) येते. तोवर आखितीचे वेल मांडवाच्या पहिल्या काठीला पोचलेले असतात.