अ‍ॅनिमेशन पदवीचा अर्ज: चित्र जमतं, दाखला नडतो

चित्र कच्चं म्हणून नकार आला तर तो समजून घेता येतो. पण लांजा-कणकवलीकडची चांगला हात असलेली मुलं चुकीच्या नमुन्यातल्या दाखल्यामुळे मागे पडतात, ते बघवत नाही.

सरकारी संस्थांच्या दोन मोठ्या वाटा आहेत. बी.डेस. म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही प्रवेश परीक्षा, आणि एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्था) डॅट. एनआयडीच्या अहमदाबाद केंद्रात अ‍ॅनिमेशन फिल्म डिझाइन हा बी.डेस.चाच विषय आहे. दोन्हींना बारावीची कुठलीही शाखा चालते. ऑनलाइन फॉर्म, फोटो, सही, फी हे तासाभराचं काम.

पहिली चूक तारखेची. ‘बारावीचा निकाल लागू दे, मग बघू’ असं घरोघरी म्हणतात. पण यूसीड जानेवारीत होते आणि तिचे अर्ज ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे बारावीत असतानाच फॉर्म भरायचा. संधी दोनच, त्याही लागोपाठच्या वर्षांत: बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या. निकालानंतर जागे झालात तर एक संधी आधीच गेलेली असते.

आता खरं दुखणं. सेतू केंद्रात ‘नॉन-क्रीमीलेअर पाहिजे’ एवढंच सांगितलं की राज्याचा नमुना हातात पडतो. केंद्रीय संस्थांना तो चालत नाही. त्यांना केंद्र सरकारच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल प्रमाणपत्र लागतं, तेही माहितीपत्रकात दिलेल्या तारखेनंतरचं. तो नमुना माहितीपत्रकातच जोडलेला असतो. त्याची प्रिंट काढून टेबलावर ठेवा. तोंडी सांगून फेऱ्या वाढतात. त्याआधी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते पाहा, कारण राज्याच्या यादीत आहे म्हणून तिथे असेलच असं नाही.

एसईबीसीचा, म्हणजे राज्याच्या मराठा आरक्षणाचा दाखला केंद्रीय संस्थांत चालत नाही. अशा घरातलं मूल अटीत बसत असेल तर ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करू शकतं: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी. अडतं ते इथे. आपल्याकडचा सातबारा सामाईक, त्यावर वीस नावं, पहिलं नाव अजून पणजोबांचं. डोंगरउताराची वरकस जमीन धरून क्षेत्र दहा एकर दिसतं आणि तुमच्या वाट्याला येतात बारा गुंठे. कार्यालयातल्या माणसाला समोरचा आकडा दिसतो, त्याचा तरी काय दोष म्हणा. वारस नोंद करून घ्या: मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग फेरफार आणि हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस. चाकरमानी गणपतीत गावी येतात तेव्हा सह्या आटपून टाका. विसर्जनानंतर माणसं पुन्हा शिमग्यालाच भेटतात.

नावाचा घोळही कायमचा. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. फॉर्म गुणपत्रिकेप्रमाणे भरा. स्पेलिंगच वेगळं असेल तर आधार आधीच दुरुस्त करा.

खासगी विद्यापीठात प्रवेश घेताना शिष्यवृत्ती मिळेलच असं धरू नका. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाही. फी भरण्याआधीच विचारा. जी योजना लागू असेल तिचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत केवायसी झाली म्हणजे आधार जोडलं गेलं असं नव्हे, आणि खाती दोन असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होतात.

पोर्टफोलिओत कार्टूनच्या नकला नकोत. दशावतारातला राजा पाय आपटतो तेव्हा वजन कुठल्या टाचेवर जातं, जाखडी नाचात कंबर कधी वळते, अशी जलद रेखाटनं ठेवा. पुढे मोशन कॅप्चरमध्ये (मोकॅप: माणसाची हालचाल कॅमेऱ्यांनी किंवा सेन्सरच्या सूटने टिपून अ‍ॅनिमेशनच्या पात्राला देणं) नेमकं हेच वाचावं लागतं.

मोकॅप शिकवतो म्हणणाऱ्या कॉलेजला एकच विचारा: सूट किंवा कॅमेरे विद्यार्थ्याच्या हातात किती तास असतात? अंगावर मार्कर (कॅमेऱ्याला दिसणारे ठिपके) लावणं, टी-पोजमध्ये म्हणजे हात आडवे पसरून उभं राहून कॅलिब्रेशन, कॅमेऱ्याआड गेलेला किंवा दुसऱ्याशी अदलाबदल झालेला मार्कर ओळखणं हे बघून येत नाही. सेन्सरचा सूट असेल तर लोखंडी खांबाजवळ त्याचं रीडिंग बिघडतं, हेही स्वतः चूक केल्यावरच कळतं. नवख्याला आधी मिळतं ते क्लीनअप: जमिनीवर घसरणारे पाय रोखणं, थरथर काढणं, मग त्या हालचाली दुसऱ्या बांध्याच्या पात्रावर बसवणं. सराव फुकटात होतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मोकॅप डेटा उघड्यावर आहे आणि ब्लेंडर मोफत. शोरीलमध्ये, म्हणजे कामाचा नमुना दाखवणाऱ्या छोट्या व्हिडिओत, कच्चं आणि सुधारलेलं शेजारी-शेजारी दाखवा, नुसतं देखणं शेवटचं दृश्य नको.