बाँड आमदार, लुईस खासदार

अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीविषयी वाचताना ज्युलियन बाँड आणि जॉन लुईस यांची गल्लत हमखास होते. दोघेही १९४० सालचे, दोघेही 'स्निक' या विद्यार्थी संघटनेतून आलेले, दोघांचंही राजकारण अटलांटातलं. त्यात इंग्रजीत दोघेही 'रिप्रेझेंटेटिव्ह'. आपल्याकडे बरं आहे, आमदार आणि खासदार असे दोन वेगळे शब्द आहेत. बाँड जॉर्जिया राज्याचे आमदार, लुईस वॉशिंग्टनला गेलेले खासदार.

चळवळीतही कामं वेगळी होती. मार्च १९६५ मध्ये अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावच्या पुलावर, मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात, पोलिसांची काठी डोक्यात बसली ती लुईस यांच्या. बाँड संघटनेची प्रसिद्धी सांभाळत, वर्तमानपत्रांपर्यंत बातम्या पोहोचवत.

आमदारकीसाठी मात्र बाँड यांना जे सोसावं लागलं ते वाचण्यासारखं आहे. १९६५ मध्ये ते निवडून आले. जानेवारी १९६६ मध्ये 'स्निक'ने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निवेदन काढलं. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते लुईस, पण किंमत मोजली बाँड यांनी. निवेदनाला पाठिंबा दिला म्हणून १० जानेवारीला सभागृहाने १८४ विरुद्ध १२ मतांनी त्यांना शपथच घेऊ दिली नाही. फेब्रुवारीच्या पोटनिवडणुकीत मतदारांनी त्यांनाच पुन्हा पाठवलं, सभागृहाच्या नियम समितीने पुन्हा दार लावलं. नोव्हेंबरात ते तिसऱ्यांदा जिंकले. ५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: लोकप्रतिनिधीला मतस्वातंत्र्य सामान्य नागरिकापेक्षा कमी नसतं. १९६७ मध्ये एकदाची खुर्ची मिळाली.

१९७५ पासून बारा वर्षं ते 'सिनेटर' होते, तेही राज्याच्याच सिनेटचे. ही सिनेट म्हणजे आपली विधान परिषद नव्हे. तिथले सदस्य थेट मतदारच निवडतात, तेही दोनच वर्षांसाठी.

१९८६ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, एकाच जागेसाठी, एकाच पक्षाच्या उमेदवारीच्या निवडणुकीत, हे दोन जुने मित्र समोरासमोर आले. पहिल्या फेरीत बाँड पुढे होते. दुसऱ्या फेरीत लुईस थोडक्यात जिंकले आणि २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत ती जागा त्यांच्याकडेच राहिली. बाँड १९९८ ते २०१० एनएएसीपी या जुन्या नागरी हक्क संघटनेच्या मंडळाचे अध्यक्ष होते. ते सरकारी पद नव्हतं, तरी काही ठिकाणी तसं छापलेलं दिसतं.