ड्वान, ॲलन

ड्वान, ॲलन : (३ एप्रिल १८८५–२८ डिसेंबर १९८१). अमेरिकन चित्रपट-दिग्दर्शक. मूळ नाव जोसेफ अलॉयशस ड्वान. जन्म कॅनडातील टोरँटो येथे. इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर शिकागोत पाऱ्याच्या बाष्पाचे दिवे बसवण्याचे काम ते करीत. असे दिवे चित्रीकरणासाठी हवे असल्याने १९०९ च्या सुमारास एसने या चित्रसंस्थेशी त्यांचा संबंध आला आणि तेथेच त्यांनी कथा विकण्यास सुरुवात केली. १९११ मध्ये अमेरिकन फिल्म मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियात पाठवले. तेथील दिग्दर्शक दारूच्या आहारी जाऊन बेपत्ता झाल्याचे त्यांनी तारेने कळवले आणि काम त्यांच्याकडेच सोपवण्यात आले. ही हकीकत मुख्यतः ड्वान यांच्या उतारवयातील मुलाखतींवर आधारलेली आहे.

ड्वान यांनी एकूण किती चित्रपट दिग्दर्शित केले, याविषयी एकवाक्यता नाही. हजाराहून मोठे आकडेही दिले जातात. चित्रपट-दिग्दर्शक व लेखक पीटर बोग्डानोविच यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुलाखत-ग्रंथानंतर सुमारे चारशे ही संख्या रूढ झाली व तीच अधिक ग्राह्य वाटते. मतभेदाची कारणे त्या काळच्या निर्मितिपद्धतीत आहेत. १९११ ते १९१३ या काळात ला मेसा व सांता बार्बरा येथे ते आठवड्याला दोन-तीन एक-रिळी चित्रपट पूर्ण करीत. एक रीळ म्हणजे सुमारे एक हजार फूट फिल्म, दहा ते पंधरा मिनिटांची. कधी एकाच रिळात दोन लघुपट बसवले जात, आणि श्रेयनामावलीत दिग्दर्शकाचे नाव बहुधा नसे. शिवाय त्याच वेळी स्वतंत्रपणे चित्रीकरण करणाऱ्या दुसऱ्या तुकडीच्या कामावरही ड्वान यांची देखरेख असे. असे चित्रपट त्यांच्या नावावर धरावेत की नाही, हे ज्याचे त्याने ठरवले. ज्वालाग्राही व लवकर खराब होणाऱ्या नायट्रेट फिल्मवरील यांतील बहुतेक चित्रपट नष्ट झाल्याने पडताळा जुन्या व्यापारी नियतकालिकांतील जाहिराती व परीक्षणांवरूनच घ्यावा लागतो.

फिरत्या कॅमेऱ्याच्या बाबतीतही असाच वाद आहे. १९१५ च्या ‘डेव्हिड हॅरम’ मध्ये मोटारीवर कॅमेरा ठेवून, रस्त्याने चालत येणाऱ्या नायकासमोरून तो मागे सरकवत ड्वान यांनी दृश्य टिपले. याला कॅमेऱ्याचा पहिला प्रवास म्हणणे मात्र बरोबर नाही. इटलीत दिग्दर्शक पास्त्रोने यांनी ‘काबिरिया’ (१९१४) मध्ये रुळांवरील गाडा आधीच वापरला होता. अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्या ‘इन्टॉलरन्स’ (१९१६) मधील बॅबिलोनच्या दृश्यासाठी रुळांवर सरकणाऱ्या मनोऱ्यात उद्वाहक (लिफ्ट) बसवला होता. त्याची कल्पना आपण सुचवली, असे ड्वान सांगत. त्यांचे शिक्षण पाहता सल्ल्याचा भाग संभवनीय आहे. साऱ्या योजनेचे श्रेय एकट्याला देणे मात्र अवघड आहे.

अभिनेते डग्लस फेअरबँक्स यांच्यासाठी केलेल्या ‘रॉबिन हूड’ (१९२२) मध्ये किल्ल्याचा प्रचंड देखावा उभारला होता. नायक उंच पडद्यावरून अलगद घसरत खाली येतो, त्या प्रसंगात पडद्याच्या चुण्यांत घसरगुंडी लपवली होती. अभिनेत्री ग्लोरिया स्वान्सन यांच्याबरोबर त्यांनी ‘झाझा’ (१९२३), ‘मॅनहँडल्ड’ (१९२४) असे अनेक चित्रपट केले. ‘दि आयर्न मास्क’ (१९२९) मूक असला, तरी त्यात फेअरबँक्स यांचा बोलका प्रवेश जोडलेला आहे.

बोलपटांच्या काळात त्यांचे स्थान काहीसे खालावले. १९३० नंतर काही काळ ते इंग्लंडमध्ये होते. पुढे बालकलाकार शर्ली टेंपल यांचा ‘हायडी’ (१९३७), ‘सुएझ’ (१९३८) आणि जॉन वेन यांना अभिनयासाठी ऑस्करचे पहिले नामांकन मिळवून देणारा ‘सँड्स ऑफ इवो जिमा’ (१९४९) हे त्यांचे गाजलेले चित्रपट.

तथापि त्यांचे उत्तम काम निर्माते बेनेडिक्ट बोगियस यांच्यासाठी कमी खर्चात केलेल्या चित्रपटांत आढळते. ‘सिल्व्हर लोड’ (१९५४) मधील खोटारड्या मार्शलचे (कायदा-अधिकाऱ्याचे) नाव मॅकार्टी आहे. साम्यवादी असल्याच्या संशयावरून अनेकांवर आरोप करणारे अमेरिकन सिनेटर मॅकार्थी यांच्याकडे निर्देश उघड आहे. त्यात गावातून पळणाऱ्या नायकाबरोबर कॅमेरा दीर्घकाळ, न तुटता धावतो. गर्दी, कुंपणे, घरे यांतून माणूस एकटा कसा पडत जातो, हे संवादाविना कळते. ‘स्लाइटली स्कार्लेट’ (१९५६) मध्ये छायाचित्रकार जॉन ऑल्टन यांनी रंगीत चित्रणातही गडद सावल्या राखल्या. १९५८ मध्ये चित्रित झालेला ‘मोस्ट डेंजरस मॅन अलाइव्ह’ हा ड्वान यांचा अखेरचा चित्रपट १९६१ मध्ये प्रदर्शित झाला. लॉस अँजेलिस येथे त्यांचे निधन झाले.